वरच्या गल्लीचे चौदा आटे

प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लिहिलंय, की आमच्या भागात सकाळी साडेसहा वाजता नळाला पाणी येतं. फलक रंगवणाऱ्याचा दोष नाही, पण हे तितकंसं खरं नाही. पाणी आधी चावीमामांच्या मनगटात येतं आणि मग, त्यांच्या मनात असेल तेवढं, आमच्या नळाला.

मामांना सख्खा भाचा एकच, तोही सहा तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात. पण आमच्या भागातल्या बायकांनी पहिल्याच वर्षी त्यांना मामा करून टाकलं. पाणी सोडणाऱ्या माणसाशी नातं असलेलं बरं, हा त्यातला सरळ हिशेब. मग पुरुषही मामा म्हणू लागले. हे मामा अंगानं इतके किडकिडीत, की ती पाच फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून चालले की माणूस चावीला नेतोय की चावी माणसाला फिरायला घेऊन निघालीय, ते लांबून कळायचं नाही.

काम दिसायला सोपं. रस्त्यात सात ठिकाणी लोखंडी झाकणं आहेत. झाकण सरकवायचं, खाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व्ह. त्याच्या डोक्यावर चावी बसवायची आणि फिरवायची. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. कोणत्या व्हॉल्व्हला किती आटे द्यायचे, यात सगळं आलं. एखादा आटा कमी पडला तर वरच्या मजल्यावरचा माणूस साबण लावलेल्या अंगानं तुमच्या नावानं शंख करतो. जास्त झाला तर खालच्या अंगणात तळं होतं.

मामा आमच्याच गल्लीत, शेवटच्या घरात, दोन खोल्यांत राहतात. दाराची घंटा त्यांनी स्वतःच्या हातानं उपटून टाकली, तेव्हापासून लोक खिडकी वाजवतात. न्हाव्याकडे अर्ध्या गालाला फेस असताना त्यांना गाठून लोकांनी पाण्याचं विचारलंय. आठ वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली, तिला न्यायच्या वेळीसुद्धा कुणीतरी हळूच पुढे होऊन म्हणालं होतं, "मामा, उद्याचं वेळेवर ना?" कुणीतरी म्हणजे कोण, ते मी सांगणार नाही. ते गृहस्थ अजून हयात आहेत आणि चहा चांगला देतात.

मामांनी त्यांना उत्तर दिलं होतं, "वेळेवर." आणि खरंच वेळेवर आलं.

आता मूळ भानगड सांगतो.

सव्वीस वर्षांपूर्वी मामा पालिकेत रोजंदारीवर लागले. दर सहा महिन्यांनी कागद संपायचा. नवा मिळणार की नाही, हे साहेबांच्या मेहुण्याला त्या दिवसांत नोकरी आहे की नाही यावर ठरायचं. मामांच्या आधीचा चावीवाला म्हातारा होऊन घरी गेला, तेव्हा त्यानं जाता जाता सांगितलं, "चावी पालिकेची, खड्डा पालिकेचा, पाणी पालिकेचं. आटे तेवढे आपले. ते कुणाला देऊ नकोस." एवढं सांगून त्यानं आकडे मामांच्या कानात सांगितले आणि गेला.

मामांनी ते मनावर घेतलं. खड्ड्याजवळ कुणी रेंगाळलं की ते मोठ्यानं मोजायला लागत, पण तोंड एक मोजायचं आणि मनगट दुसरंच. तोंडानं पाच म्हणताना हात आठव्या फेऱ्यावर असे. कधी मध्येच थांबून समोरच्याला मुलांच्या परीक्षेबद्दल विचारत, आणि तो उत्तर देईतो दोन आटे फिरून जात. पुढे कार्यालयाला वाटलं, हे सगळं लिहून ठेवावं. एक कारकून छत्री आणि वही घेऊन मामांच्या मागे सातही खड्डे फिरला. मामांनी आकडे इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितले, की कारकून दोनदा "जरा सावकाश" म्हणाला. त्या सातांतला एकही आकडा खरा नव्हता. ते टाइप झाले, त्यांचं रजिस्टर झालं, पानापानावर साहेबांची सही झाली. तेव्हापासून पालिकेच्या लेखी तेच खरे.

पुढच्याच वर्षी मामांना घरी बसवून दुसऱ्याला आणलं. त्यानं रजिस्टर उघडून इमानदारीनं चावी फिरवली, आणि तिसऱ्या दिवशी अर्धा भाग कोरडा तर अर्धा गुडघाभर पाण्यात. मामांना घरून बोलावून आणलं आणि वर्षाच्या आत कायम केलं. युक्ती लागू पडली. पुढे ती सोडवता मात्र आली नाही.

कारण मामा रजेवर गेले की जो कुणी बदली येई तो रजिस्टरप्रमाणे आटे देई, आणि दोन दिवसांत मामांना परत यावं लागे. मुलीच्या लग्नात ते नव्या कपड्यांवरच चावी घेऊन निघाले आणि जेवणाच्या पंगतीला परत आले, तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या होत्या. एकदा तर चांगली बढती मिळून मोठ्या जलकुंभावर बदली झाली होती. तिथे टेबल, खुर्ची, पंखा. आम्ही काय केलं, तर घरोघर फिरून तीनशे बारा सह्या गोळा केल्या. आमचे मामा आम्हाला हवेत. बदली रद्द झाली. 'प्रभाग वार्ता' नावाचं चारपानी पत्रक महिन्यातून एकदा आमच्या दाराखालून आत सरकतं; कुठला रस्ता खणणार, कचऱ्याची गाडी किती वाजता येणार, असलं त्यात असतं. त्याच्या पहिल्या पानावर मथळा आला, 'नागरिकांच्या प्रेमापुढे प्रशासन नमले'. खाली मामांचा फोटो, हातात फुलांचा गुच्छ. दाढ उपटायला बसलेला माणूस डॉक्टरकडे बघून जसा हसतो, तसे हसलेत.

त्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही लोकांनी फारच घट्ट बसवलंत मला."

मी म्हणालो, "प्रेम आहे, मामा."

"ते वाचलं मी," ते म्हणाले.

अशी वर्षं गेली असती आणि मामा निवृत्त झाले असते. पण मध्ये आक्काचं आलं.

आक्का म्हणजे मामांची थोरली बहीण, बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून आक्कानंच यांना न्हाऊमाखू घालून, शाळेत ढकलून, वेळेला थोबाडीत देऊन वाढवलं. ती यांना धाकट्या म्हणते. ती आपल्या मुलाकडे असते. दोन वर्षांपासून ती माणसं विसरायला लागली. आधी शेजारीण गेली, मग सून, मग नातवंडं. भाच्याचा दर रविवारी फोन यायचा, आणि एका रविवारी तो म्हणाला, "मामा, आज आईनं मला विचारलं, तुम्ही कुणाकडे आलात. पण धाकटा कधी येणार, हे मात्र सकाळ-संध्याकाळ चालू असतं. तुम्ही लवकर या. हेही किती दिवस टिकेल, डॉक्टर सांगू शकत नाहीत."

मामांनी पंधरा दिवसांच्या रजेचा अर्ज केला.

कार्यालयात नव्या इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. वय पस्तिशीच्या आत, पाण्याची बाटली स्वतःच्या घरची, टेबलावर एकही शिळा कागद नाही. त्यांनी अर्ज वाचला, कारण वाचलं आणि सही केली. शेजारच्या प्रभागातला चावीवाला बदली म्हणून दिला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, आणि त्याच्या हातात ती पाच फुटी चावी चमच्यासारखी दिसते.

मामा सकाळच्या बसनं निघाले. इकडे पैलवानानं रजिस्टर उघडलं. दवाखान्याजवळच्या व्हॉल्व्हपुढे लिहिलं होतं, सोळा आटे. खरे होते पाच. पैलवानानं सोळा दिले, आणि त्याचे सोळा म्हणजे बघायला नको. दहा मिनिटांत जुन्या पाइपाचा सांधा उखडला. दवाखान्यात पाणी शिरलं. बाहेर काढून ठेवलेल्या रोग्यांच्या चपला एकापाठोपाठ एक रस्त्यानं निघाल्या, आणि रोगी त्यांच्या मागे. मामांची बस अजून शहराच्या नाक्यावर होती. फोन आला. ते पिशवी घेऊन खाली उतरले. ड्रायव्हर म्हणाला, "काका, बसायचं तरी कशाला मग?"

दुपारी सांधा बसवून झाल्यावर मामांनी पैलवानाला बाजूला घेतलं.

"मी तोंडी सांगतो त्याप्रमाणे आटे दे. रजिस्टर बघू नकोस."

"नाही जमायचं, दादा," पैलवान म्हणाला. "रोजच्या आकड्यापुढे सही माझी होते. आज रजिस्टरप्रमाणे फुटला म्हणून मी सुटलो. उद्या तुमच्या तोंडाप्रमाणे फुटला तर माझं काय?"

"फुटणार नाही."

"मग रजिस्टरात लिहून घ्या ना तसं."

हे अगदी बरोबर होतं. म्हणून मामा मॅडमच्या खोलीत गेले. तिथे झालेलं बोलणं मला जसंच्या तसं ठाऊक आहे, कारण दार लोटलं तरी बाहेरच्या शिपायाचे कान लोटता येत नाहीत, आणि तो शिपाई माझ्यासोबत पत्ते खेळतो.

"मॅडम, रजिस्टरमधले आकडे चुकीचे आहेत."

"कोणते?"

"सगळे."

"कधीपासून?"

"लिहिले तेव्हापासून. मीच दिले होते."

 मॅडमनी उठून दार लोटलं, ते याच वेळी.

"मामा, तुम्ही आत्ता बोललात ते मी ऐकलं असेल, तर मला लिहावं लागेल. लिहिलं की चौकशी. चौकशी संपेपर्यंत कर्मचाऱ्यानं शहर सोडायचं नाही, असा नियम आहे. मागची चौकशी किती चालली, माहीत आहे ना?"

"चार वर्षं," मामा म्हणाले. "तो माणूस वारला, मग मिटली."

"म्हणून मी ऐकलं नाही." त्यांनी रजिस्टर ओढून उघडलं. "हे आकडे दोनच तऱ्हेनं बदलता येतात. चूक झाली म्हणून बदलायचे, तर चूक कुणाची ते आलं. किंवा नागरिकांची लेखी मागणी आली म्हणून बदलायचे. अमुक गल्लीला इतके आटे द्या, तमुक गल्लीला इतके. दहा-वीस लोकांच्या सह्या हव्यात. मग आकडा कुठून आला, हे मला कुणी विचारत नाही. मी त्याच दिवशी बदल करीन आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसा."

"मी अर्ज लिहून देऊ का?"

"तुम्ही कर्मचारी. नागरिकांनी लिहायचा. तुम्ही सांगून लिहिला असंही दिसायला नको."

मामा बाहेर आले. आमच्या भागात एखादी गोष्ट कुणी न सांगता सगळ्यांना कळायची असेल, तर त्याचा एकच रस्ता आहे, आणि तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी, शिवणकामाच्या दुकानात जातो. तिथे जी बाई बसते तिला आम्ही गॅझेट म्हणतो. 'प्रभाग वार्ता' छापायला जाण्याआधी तिच्याकडे जुनी झालेली असते. बायका एकमेकींना विचारतात, "गॅझेटात आलंय का?" आलं असेल तर खरं.

मामा शर्टाचं बटण लावायचं म्हणून तिच्याकडे गेले.

"बटण तर जागेवर आहे," गॅझेट म्हणाली.

"सैल झालंय हो." बोलता बोलता मामांनी ते पिरगाळून हातात काढलं. "ताई, तुम्हाला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नका."

गॅझेटनं ओठात धरलेल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या. असं वाक्य ती टाचण्या तोंडात ठेवून ऐकत नाही.

मामांनी अर्जाची अट आणि सातही आकडे सांगितले. ती कापड आखायच्या खडूनं लाकडी टेबलावर लिहीत गेली. दवाखाना पाच. शाळेमागे अकरा. असं करत ते शेवटाला आले. "मागची गल्ली सात. आपली वरची गल्ली चौदा."

गॅझेटचा खडू थांबला. "आपली चौदा?"

"हो."

"आणि त्यांची सात. घरं तर दोन्हीकडे चाळीस-चाळीस, मामा."

"मला मिळाले तेव्हा दहा-दहा होते," मामा म्हणाले. "मी इथे राहायला आलो, मग एकेक करत होत गेलं. बायको म्हणायची, भांडी राहिली आहेत. आता हे सगळंच बाहेर पडू दे."

तो शेवटचा भाग ते मनापासून बोलले असावेत. निघताना बटण तिथेच विसरून गेले.

इथे मागच्या गल्लीबद्दल थोडं सांगायला हवं. ते लोक गेली वीस वर्षं तक्रार करत होते, की पाणी पुरत नाही. 'प्रभाग वार्ता'च्या तक्रार निवारण सदरात त्यांना दर वेळी छापील उत्तर मिळे: तपासणी केली, पुरवठा रजिस्टरप्रमाणे. आम्ही वर त्यांची थट्टा करायचो. तुमच्याकडे आंघोळी फार होतात, असं म्हणायचो. माझा एक चांगला विनोद त्यावर बेतलेला होता, तो मी आता सांगत नाही.

तर गॅझेटनं काय केलं? तिनं ती बातमी दुपारपर्यंत आमच्या गल्लीतल्या चाळीसही घरांना दिली आणि प्रत्येक घरी म्हणाली, "गल्लीबाहेर नको." आणि ती गल्लीबाहेर गेली नाही. कुणाचं दूध उतू गेलं तर चार घरी कळतं अशी ही गल्ली. त्या गल्लीनं ओठ मिटून घेतले. आकडे कागदावर आले की मागची गल्ली दहा-दहा मागणार, म्हणून सगळ्यांनी आपापल्या मनात चौदाचे दहा करून पाहिले होते. वरच्या मजल्यावर पाणी चढणार नाही, कपडे धुणं दिवसाआड जाईल, बागेला पाणी नाही. अर्ज कोण लिहिणार?

मामा दिवसातून पाच-पाच वेळा दुकानावरून जायचे. गॅझेट मान खाली घालून मशीन चालवायची, सुईखाली कापड नसलं तरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठलं.

"काही कानावर आलं का?"

"कशाबद्दल, मामा?"

"असंच. पाण्याबद्दल."

"नाही बुवा. का, काही आहे का?" इतकं भोळं तोंड माझ्याकडे आहे, हे मला या वयात नव्यानं कळलं.

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला ठाऊक नाही असं पहिल्यांदाच काही झालं."

त्यांना कळलं असणार. शुक्रवारी भाच्याचा पुन्हा फोन होता. आक्का आता धाकट्यासाठी रोज चहाचा एक कप जास्त मांडत होती आणि तो न प्यायलेला बघून सुनेवर चिडत होती.

शनिवारी सकाळी साडेसहाला मामा चौफुलीवर आले. आमच्या गल्लीचा आणि मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह तिथे शेजारी शेजारी आहेत. त्यांनी दोन्ही झाकणं सरकवली, चावी बसवली आणि मोजायला लागले. पण त्या दिवशी आवाज वेगळाच होता. मारामारीला बोलवावं तसा. "एक." फेरा पूर्ण झाल्यावर, "दोन." लोक खिडक्यांत आले. मागच्या गल्लीत एक निवृत्त हेडमास्तरीण राहतात, त्या गॅलरीत दात घासत होत्या. त्यांनी ब्रश थांबवला.

दहा झाले आणि मामांनी चावी काढली.

"वरची गल्ली," ते कुणाकडेच न बघता मोठ्यानं म्हणाले, "रोज चौदा असतात. आज दहा." मग दुसऱ्या व्हॉल्व्हवर गेले. तिथेही एकेक करत दहा मोजले. "मागची गल्ली. रोज सात असतात. आज दहा."

हेडमास्तरीणबाईंनी तोंड न धुताच विचारलं, "रोज म्हणजे कधीपासून हो?"

"पुष्कळ वर्षं झाली, बाई. अर्ज लिहा. दहा-दहा मागा. उरलेले पाच व्हॉल्व्ह मोजतो, तेही ऐका आणि लिहा."

आणि खरंच, बाई पेस्टच्या फेसासकट वही घेऊन सातही खड्डे त्यांच्यामागे फिरल्या.

त्या दिवशी आमच्याकडे दुसऱ्या मजल्यापर्यंतच पाणी चढलं. दुपारी गॅझेटच्या दुकानात गर्दी होती, आणि कपडे शिवायला कुणी आलं नव्हतं. एकानं कागद लिहून आणला. 'सदर कर्मचाऱ्याने मनमानी करून आमच्या गल्लीचा पाणीपुरवठा अचानक कमी केला आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी.' सव्वीस वर्षांत आमच्या गल्लीची ही पहिली तक्रार. अडतीस सह्या झाल्या. माझी सतरावी आहे. आधीच्या सोळा मी वाचल्या आणि म्हटलं, एवढ्यांनी केलीय तर. अठराव्यानं माझी वाचली असणार. गॅझेटनं सही केली नाही, पण तिनं पेन दिलं.

सोमवारी दहा वाजून पाच मिनिटांनी आमचा कागद कार्यालयात आवक झाला. मागच्या गल्लीचा साडेदहाला. हेडमास्तरीणबाईंनी तो नीट टाइप करून घेतला होता, समास सोडून, परिच्छेद पाडून. त्यातच वेळ गेला. कर्मचाऱ्याविरुद्ध सह्यांची तक्रार आली की चौकशी लावावीच लागते, आणि त्याच विषयावरचा नंतरचा कागद त्या चौकशीच्या फायलीत जातो. मॅडमनी शिपायाकडून दोनदा वेळ तपासून घेतली. घड्याळ दोन्ही वेळा तेच म्हणालं.

नोटीस द्यायला त्या स्वतः आल्या. दार उघडंच होतं. पलंगावर मामांची पिशवी चेन लावून तयार होती, आणि वर मंगळवारचं तिकीट.

"मॅडम, मागच्या गल्लीचं पत्र आलं ना?"

"आलं. तुमच्या गल्लीचं आधी आलं."

मामांनी नोटीस वाचली. चौकशी पूर्ण होईपर्यंत चावी कार्यालयात जमा करावी, रोज अकरा वाजता हजेरी द्यावी, परवानगीशिवाय शहर सोडू नये.

"परवानगी तुम्ही देता का?"

"मी नाही. मुख्य कार्यालय. मी आजच लिहिते." मॅडमनी थांबून सांगितलं, "चौकशीत असलेल्याला ते देत नाहीत, मामा. तरी लिहिते."

"सही कुठे करू?" मामा म्हणाले.

त्यांनी सही केली आणि भिंतीला टेकवलेली चावी उचलून मॅडमच्या ड्रायव्हरच्या हातात दिली. त्याला वजनाचा अंदाज नव्हता, तो जरा वाकला.

मामांना जाता येत नाही, म्हणून दोन आठवड्यांनी भाच्यानं आक्काला इकडे आणायचं ठरवलं. रविवारी गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा एकही माणूस बाहेर नव्हता आणि सगळे पडदे हलत होते. मी दूध घेऊन गेलो होतो, म्हणजे दुधाचं निमित्त करून. म्हातारी ठेंगणी, स्वच्छ, केस घट्ट बांधलेले, पर्स छातीशी धरलेली. तिनं मामांच्या खोलीभर नजर फिरवली आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

"आक्का," मामा तिच्यासमोर जमिनीवर बसून म्हणाले, "मी धाकटा."

तिनं त्यांच्याकडे फार सभ्यपणे पाहिलं. "धाकटा बारीक आहे हो. केस असे कपाळावर येतात त्याचे." मग, बोलायला काहीतरी हवं म्हणून, "तुम्ही काय करता?"

"पाणी सोडायचो."

"अगंबाई. तोही पाणीच सोडतो. फार काम असतं त्याला. ते लोक त्याला सोडतच नाहीत." हे सांगताना तिच्या आवाजात भावाचा अभिमान होता. "पण आता येणार आहे. रजा मंजूर झालीय त्याची."

भाचा म्हणाला, "आई, हेच ते. मामाच आहेत हे."

तिनं मुलाकडे रागानं पाहिलं. परक्या माणसानं मध्ये बोलावं तसं. मग तिची चुळबूळ सुरू झाली. चहा आला, तिनं दोन घोट घेतले आणि पर्स सावरून उभी राहिली. "चला, निघायला हवं. घराला कुलूप आहे. तो येईल आणि कुलूप बघून परत जाईल."

"आत्ताच तर आलीस," मामा म्हणाले.

"नाही हो, राहता यायचं नाही. एकदा परत गेला तर त्याला पुन्हा रजा मिळत नाही."

भाच्यानं मामांकडे पाहिलं. मामांनी तिच्या चपला सरळ करून ठेवल्या. गाडीत बसताना तिनं आधाराला त्यांचं मनगट धरलं आणि खिडकीतून म्हणाली, "या ना तुम्ही आमच्याकडे. त्याच्याशी पटेल तुमचं."

"मला शहर सोडता येत नाही, आक्का."

"मग मीच सांगते त्याला तुमच्याबद्दल. आला की सांगते."

"सांग," मामा म्हणाले. "येईल तो. तू घरीच थांब."

गाडी वळवायला आमच्या गल्लीत जागा नाही. ती मागे मागे घेत भाच्यानं चौफुलीपर्यंत नेली, आणि आक्का समोर बघत, घाईत असल्यासारखी, आमच्यापासून लांब जात राहिली. मामा हात वर करून उभे होते. मी दुधाचं भांडं घेऊन त्यांच्या मागे उभा होतो, काहीतरी बोलावं म्हणून. 

सोमवारी अकरा वाजता ते हजेरीला गेले. शिपाई म्हणतो, सही करून झाल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसून राहतात, दुपारी कार्यालय जेवायला उठेपर्यंत. घरी जा म्हटलं तर म्हणतात, तिथे लोक खिडकी वाजवतात.